ऑपरेशन एक, टीम दहा जणांची: चूक झाली तर जबाबदार कोण आणि भरपाई कोण देतं?

जुलै १९६३. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात एक महिला बाळंतपणासाठी दाखल झाली. बाळंतपण नीट झालं. तीन दिवसांनी तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप चढला आणि पोटात असह्य दुखू लागलं. काही दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी टाके उघडून पाहिलं, तर पोटात कापडी टॉवेल राहिलेला होता. जंतुसंसर्ग पसरला होता. जुलै संपण्याआधीच ती गेली.

टॉवेल कुणाच्या हातून राहिला? शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या, मदतनिसाच्या की मोजदाद करणाऱ्या नर्सच्या? तिच्या पतीने दावा दाखल केला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली. रुग्णालय चालवणं हे सरकारचं सार्वभौम काम आहे, त्यामुळे सरकार जबाबदार नाही, हे म्हणणं न्यायालयाने मान्य केलं नाही. पोटात टॉवेल सापडला, यातच निष्काळजीपणा दिसतो. तो नेमका कुणाचा हे बोट ठेवून सांगता आलं नाही, तरी रुग्णालय ज्याचं आहे त्या सरकारला जबाबदारी घ्यावी लागेल, असा या निकालाचा अर्थ.

पण तोवर ३३ वर्षं गेली होती.

आज अगदी साध्या ऑपरेशनमध्येही दहा-बारा जणांचा हात असतो. त्यातल्या एकाची चूक झाली तर कायदा कुणाला पकडतो? पैसे कुणाच्या खिशातून येतात? आणि डॉक्टरांचा विमा असतो म्हणतात, तो नेमका कधी कामी येतो? सोप्या भाषेत समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर

• रुग्णासाठी सगळ्या टीमची जबाबदारी रुग्णालयावर येते. चूक नेमकी कुणाची हे रुग्णाने शोधून काढायची गरज नाही.
• भरपाईचा दावा आणि फौजदारी गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकात सुटका झाली तरी दुसऱ्यात जबाबदारी राहू शकते.
• विमा अटींवर चालतो. टीममधली एक व्यक्ती अपात्र निघाली, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

'टीम' म्हणजे नेमकं कोण?

पित्ताशयाचं ऑपरेशन घ्या. तुम्ही नाव ऐकलेलं असतं फक्त सर्जनचं. प्रत्यक्षात भूलतज्ज्ञ असतो, सहायक सर्जन असतो, ओटीतली नर्स, टेक्निशियन, रात्री वॉर्डात थांबणारा आरएमओ, आयसीयूतल्या नर्स, लॅबमधला तंत्रज्ञ आणि औषध देणारा फार्मासिस्ट असतो.

यातले सगळे रुग्णालयाचे पगारी नोकर नसतात. आपल्याकडच्या छोट्या नर्सिंग होममध्ये तर भूलतज्ज्ञ बहुतेकदा 'ऑन कॉल' असतात. सकाळी एका ठिकाणी, दुपारी दुसरीकडे. मोठ्या रुग्णालयांतही अनेक तज्ज्ञ करारावर येतात आणि त्यांची फी वेगळी असते. काही बिघडलं की रुग्णालय म्हणतं, 'ते आमचे डॉक्टर नाहीत, व्हिजिटिंग आहेत.'

हा बचाव चालतो का?

२००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर नेमका हाच प्रश्न आला. दिल्लीतल्या एका हृदयरोग संस्थेविरुद्ध मृत रुग्णाच्या पत्नीने तक्रार केली होती. तक्रारीत तिने उपचार करणाऱ्या डॉक्टरांची नावं घातली नव्हती, फक्त संस्थेला पक्षकार केलं होतं. तेवढ्या कारणावरून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. आत कोणत्या डॉक्टरने काय केलं, कोणत्या नर्सने काय दिलं, हे रुग्णाला किंवा नातेवाइकांना कसं कळणार? ती माहिती रुग्णालयाकडे असते. त्यामुळे आपल्या लोकांनी योग्य काळजी घेतली होती, हे रुग्णालयाने दाखवायचं. डॉक्टर पगारी आहे की करारावर आलेला, याने रुग्णापुरता फरक पडत नाही.

याचा अर्थ वैयक्तिक डॉक्टर सुटतो असा नाही. तक्रारीत त्यालाही पक्षकार करता येतं आणि आपल्या चुकीसाठी तोही भरपाईला जबाबदार ठरू शकतो. साधारणपणे प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या कामासाठी उत्तरदायी असतो. भूल देण्यातल्या चुकीसाठी भूलतज्ज्ञ, कापण्या-शिवण्यातल्या चुकीसाठी सर्जन. मात्र नवख्या माणसावर त्याच्या कुवतीबाहेरचं काम सोपवलं किंवा देखरेख केली नाही, तर सोपवणाराही अडकतो.

सगळ्यांची थोडी थोडी चूक असेल तर?

या प्रश्नाचं भारतातलं सर्वात गाजलेलं उत्तर अनुराधा साहा प्रकरणात मिळालं. अमेरिकेत राहणाऱ्या अनुराधा १९९८ मध्ये कोलकात्यात सुट्टीवर आल्या होत्या. अंगावर पुरळ उठलं. पुढे तो त्वचेचा गंभीर आजार असल्याचं निदान झालं. एका स्टेरॉइडचं इंजेक्शन नेहमीपेक्षा खूप जास्त प्रमाणात दिलं गेलं. एकाहून अधिक डॉक्टरांनी उपचार केले. प्रकृती खालावल्यावर त्यांना विमानाने मुंबईला आणलं आणि २८ मे १९९८ रोजी ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला.

पती कुणाल साहा स्वतः डॉक्टर. ते पंधरा वर्षं लढले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच निकालात दोन गोष्टी सांगितल्या. डॉक्टरांची फौजदारी खटल्यातली निर्दोष मुक्तता कायम ठेवली आणि त्याच वेळी कोलकात्यातले डॉक्टर व रुग्णालय भरपाईसाठी जबाबदार असल्याचं ठरवलं. चूक अनेकांची मिळून झाली असेल तर एकमेकांकडे बोट दाखवून कुणाला सुटता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झालं.

२०१३ मध्ये भरपाईची अंतिम रक्कम ठरली: सुमारे ६ कोटी रुपये आणि त्यावर ६ टक्के व्याज. वाटणी पाहण्यासारखी आहे. दोन डॉक्टरांनी प्रत्येकी १० लाख, तिसऱ्याने ५ लाख आणि उरलेली जवळपास सगळी रक्कम रुग्णालयाने द्यायची होती. पतीनेही उपचारात ढवळाढवळ केली म्हणून भरपाई कमी करावी, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही.

मग पोलिसात गुन्हा कधी दाखल होतो?

इथे आणखी एक गाजलेला निकाल माहीत हवा: २००५ चा जेकब मॅथ्यू खटला. तोही टीमच्याच चुकीचा होता. १९९५ मध्ये लुधियानाच्या एका रुग्णालयात रुग्णाला श्वास घेता येईना. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, तर सिलिंडर रिकामा! शेजारच्या खोलीतून दुसरा आणेपर्यंत मोलाची मिनिटं गेली आणि रुग्ण दगावला. डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला.

सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवरची फौजदारी कारवाई रद्द केली. सिलिंडर भरलेला ठेवणं ही व्यवस्थेची जबाबदारी. त्यासाठी रुग्णालयावर भरपाईची जबाबदारी येऊ शकते, पण त्यावरून उपचार करणारे डॉक्टर गुन्हेगार ठरत नाहीत. फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा ढोबळ आणि अक्षम्य स्वरूपाचा असावा लागतो. पोलिसांनी आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या तज्ज्ञ डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्यावं आणि आरोप झाला म्हणून लगेच अटक करू नये, असेही निर्देश दिले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना असं घडलं, तर ही मर्यादा २ वर्षं आहे.

आता बारकावा पाहा. 'नोंदणीकृत डॉक्टर' म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली नोंद असलेला डॉक्टर. नर्स, टेक्निशियन यात येत नाहीत. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणीही वेगळ्या कायद्यांखाली होते. म्हणजे एकाच ऑपरेशन थिएटरमधल्या एकाच चुकीसाठी सर्जन आणि नर्स दोघे दोषी ठरले, तर सर्जनला जास्तीत जास्त २ वर्षं आणि नर्सला जास्तीत जास्त ५ वर्षं. टीम एक, कायद्याचं माप वेगळं.

डॉक्टरांचा विमा म्हणजे काय?

आधी एक गोंधळ दूर करू. तुमचा मेडिक्लेम तुमच्या उपचारांचा खर्च देतो. डॉक्टर किंवा रुग्णालय घेतं तो असतो प्रोफेशनल इन्डेम्निटी, म्हणजे व्यावसायिक दायित्वाचा विमा. उपचारात चूक झाल्याचा दावा आला, तर वकिलाचा खर्च आणि कोर्टाने ठरवलेली भरपाई मर्यादेपर्यंत या विम्यातून दिली जाते. दंड किंवा फौजदारी शिक्षा त्यातून भरता येत नाही.

हा विमा दोन पातळ्यांवर असतो. एक डॉक्टरचा वैयक्तिक आणि दुसरा संपूर्ण रुग्णालयाचा. गाडीला थर्ड पार्टी विमा जसा कायद्याने सक्तीचा आहे, तशी सर्वसाधारण सक्ती डॉक्टरांवर देशभर नाही. त्यामुळे एकाच टीममध्ये सर्जनचा भरभक्कम विमा, भूलतज्ज्ञाचा बेताचा आणि नर्सचा काहीच नाही, असं होऊ शकतं.

विम्याच्या कागदात या चार गोष्टी महत्त्वाच्या असतात.

१. दावा येईल तेव्हा पॉलिसी चालू हवी. हे विमे बहुतेक 'दावा आला तेव्हा' या तत्त्वावर चालतात. समजा ऑपरेशन २०२३ मध्ये झालं आणि नोटीस २०२५ मध्ये आली. डॉक्टरने २०२४ मध्ये नूतनीकरण केलं नसेल, तर ऑपरेशनच्या दिवशी पॉलिसी असूनही उपयोग नाही. प्रॅक्टिस बंद करणाऱ्या किंवा गाव बदलणाऱ्या डॉक्टरांचा इथेच घात होतो.

२. मागची तारीख. कोणत्या तारखेनंतरच्या उपचारांना संरक्षण आहे, हे पॉलिसीत लिहिलेलं असतं. मध्ये खंड पडला की ही तारीख पुढे सरकू शकते.

३. दोन मर्यादा. एका घटनेसाठी किती आणि वर्षभरात एकूण किती. वर्षात दोन मोठे दावे आले, तर दुसऱ्यासाठी रक्कम अपुरी पडू शकते.

४. वगळलेल्या गोष्टी. दारूच्या नशेत केलेले उपचार, गुन्हेगारी कृत्य, पात्रता नसताना केलेलं काम यांना संरक्षण मिळत नाही. प्लास्टिक सर्जरीसारख्या काही शाखांसाठी वेगळ्या अटी असू शकतात.

एका नर्समुळे विमा गेला, ते प्रकरण

चौथ्या मुद्द्याचं मोल समजायचं असेल तर दिल्लीच्या एका खासगी रुग्णालयाचं प्रकरण पाहा. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये त्याचा निकाल दिला. टायफॉइडसाठी दाखल केलेल्या लहान मुलाला नर्सने थेट शिरेतून चुकीचं इंजेक्शन दिलं. त्याचं हृदय थांबलं. जीव वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली. राष्ट्रीय आयोगाने मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख रुपये मंजूर केले. सर्वोच्च न्यायालयाने ही भरपाई कायम ठेवली.

रुग्णालयाने साडेबारा लाखांचा विमा काढलेला होता. पण चौकशीत समोर आलं की नर्सकडे आवश्यक पात्रता आणि नोंदणी नव्हती. आयोगाने ठरवलं की अशा वेळी विमा कंपनीवर पैसे देण्याची जबाबदारी येत नाही. हप्ते भरले होते, पॉलिसी चालू होती, तरी भरपाई रुग्णालयावरच आली. आणि ज्या निवासी डॉक्टरने अशा नर्सवर काम सोपवलं, त्याचाही निष्काळजीपणा धरला गेला.

पगार वाचवण्यासाठी अप्रशिक्षित माणसाला 'सिस्टर' म्हणून उभं करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने हे प्रकरण वाचायला हवं. छोटं रुग्णालय असेल आणि विमाही गेला असेल, तर कोर्टात जिंकलेल्या कुटुंबाला प्रत्यक्षात पैसे कधी आणि किती मिळतील, हा प्रश्न उरतोच.

मुंबईतल्या आणखी एका प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरने तापासाठी ॲलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्या शाखेची पात्रता नाही त्या शाखेचे उपचार करणं हाच निष्काळजीपणा, तो वेगळा सिद्ध करायची गरज नाही. रात्रपाळीला आरएमओ कोण आहे आणि त्याला कोणते उपचार करण्याची मुभा आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

तुम्ही स्वतः नर्स, टेक्निशियन किंवा आरएमओ असाल तर

'हॉस्पिटलचा विमा आहे ना, मग मला काय चिंता?' असा समज असतो. पॉलिसीत कर्मचाऱ्यांचा उल्लेख आहे का, तो कोणत्या पदांपुरता आहे आणि तुम्ही नोकरी सोडल्यानंतर जुन्या घटनेचा दावा आला तर काय, हे लेखी विचारा. तुमची नोंदणी चालू ठेवा. फोनवर मिळालेली सूचना वेळेसह केस पेपरवर लिहा. शंका आली तर विचारल्याची नोंद ठेवा. वाद झालाच, तर तुमच्या बाजूने बोलणारा पहिला साक्षीदार तुमची नोंद असते.

सरकारी रुग्णालयात काय?

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात ठरवलं. २०१९ च्या नव्या कायद्यातही ते कायम असल्याचं २०२२ मध्ये स्पष्ट झालं. मात्र जिथे सगळ्यांवर मोफत उपचार होतात, त्या रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. केस पेपरचे दहा-वीस रुपये भरले म्हणून तुम्ही 'ग्राहक' होत नाही. तिथे दिवाणी कोर्टाचा मार्ग असतो, औरंगाबादच्या कुटुंबाने धरला तोच.

काही रुग्णांकडून पैसे आणि काहींवर मोफत उपचार असं असेल, तर मोफत उपचार घेणाराही आयोगात जाऊ शकतो. बिल मेडिक्लेमने भरलं असलं तरी तुम्ही ग्राहकच असता.

चूक झाली असं वाटलं तर काय कराल?

• कागद मिळवा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी ३ वर्षं जपायच्या असतात आणि रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. भुलीची नोंद, ऑपरेशनची नोंद, नर्सिंग चार्ट आणि औषधांचा तक्ता आवर्जून मागा.

• नावं आणि नोंदणी पाहा. डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. परवान्यावरच्या कारवाईसाठी तक्रारही तिथेच. भरपाई मात्र तिथे मिळत नाही.

• दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा असं कायदा मानत नाही. सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने त्या परिस्थितीत जे केलं असतं ते इथे झालं का, हे पाहिलं जातं.

• मुदत पाळा. ग्राहक आयोगात तक्रारीसाठी साधारण २ वर्षांची मुदत आहे. तुम्ही भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. प्राथमिक माहितीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

• तोडफोड आणि मारहाण नको. त्याने तुमचा दावा बळकट होत नाही, उलट तुमच्यावरच गुन्हा दाखल होतो.

आणि ऑपरेशनच्या आधी?

ठरलेलं ऑपरेशन असेल तर तीन साधे प्रश्न विचारा. भूल कोण देणार? रात्री वॉर्डात कोण डॉक्टर असणार? ऑपरेशनच्या वेळी सेफ्टी चेकलिस्ट वापरता का?

हा तिसरा प्रश्न छोटा वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची एक चेकलिस्ट आणली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी टीमने मोठ्याने बोलून काही गोष्टी तपासायच्या. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं.

त्या यादीत शेवटच्या टप्प्यावर एक ओळ आहे: उपकरणं, सुया आणि कापडाचे बोळे मोजून झाले का? औरंगाबादमध्ये १९६३ साली राहून गेलेली मोजणी ती हीच. ती झाली असती तर कोर्टाची पायरी चढावीच लागली नसती.